मागची बाजू बघायला विसरू नका

एक वर्षाआड नोव्हेंबर आला की आमच्या टाऊन क्लार्कच्या, म्हणजे गावचं दप्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, ऑफिसात सह्यांचे गठ्ठे येऊन पडतात. मॅसॅच्युसेट्समध्ये नागरिकांना एखादा कायदा थेट मतदानाला लावायचा असेल तर आधी हजारो मतदारांच्या सह्या गोळा कराव्या लागतात, आणि त्या खऱ्या आहेत का ते गावोगावची ऑफिसं तपासतात. मी तिथे हंगामी काम करते. नाव मतदारयादीत सापडलं, पत्ता जुळला, की लाल पेनाने बरोबरची खूण. त्या पत्त्यावर असा मतदार नसेल तर 'एन'. अक्षर लागत नसेल तर 'एस'. आधीच सही करून झाली असेल तर 'टी'. गाव दुसरं असेल तर 'डब्ल्यू'. कागदावर कुणी भलतीच रेघ मारली, हायलायटर फिरवला, तर अख्खा कागद बाद होऊ शकतो. सात वर्षं हेच करतेय. त्यामुळे सह्यांचा कागद समोर आला की माझी नजर मजकुरावर थांबत नाही, थेट नावांवर जाते.

हे सगळं आधी सांगितलं, कारण ज्या सेवेबद्दल लिहायला बसले आहे ती सह्यांचीच आहे. नाव लांबलचक आहे: डिजिटल आर्काइव्ह ऑफ मॅसॅच्युसेट्स अँटी-स्लेव्हरी अँड अँटी-सेग्रिगेशन पिटिशन्स. गुलामगिरीविरुद्ध आणि वर्णभेदाविरुद्ध इथल्या लोकांनी राज्याच्या विधिमंडळाकडे जे अर्ज केले, त्यातले सुमारे ३,५०० अर्ज मूळ कागदाच्या फोटोंसकट इंटरनेटवर ठेवले आहेत. मूळ कागद बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स आर्काइव्हजमध्ये आहेत आणि नोंदी हार्वर्ड डेटाव्हर्सवर, म्हणजे हार्वर्ड विद्यापीठाच्या ऑनलाइन माहितीसाठ्यावर. पैसे पडत नाहीत, खातं उघडावं लागत नाही. अर्ज अगदी सतराव्या शतकापासून १८७० पर्यंतचे आहेत, पण खरी गर्दी १८३० ते १८६० या तीस वर्षांची.

मी तिथे पोचले ते मुलीमुळे. आठवीत तिला 'गॅग रूल'वर प्रकल्प करायचा होता. हा नियम काय होता ते थोडक्यात सांगते, कारण तो कळल्याशिवाय हे कागद हाती घेऊन उपयोग नाही. गाऱ्हाणं मांडण्यासाठी सरकारकडे अर्ज करण्याचा हक्क अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्याच दुरुस्तीत लिहिलेला आहे. १८३५ च्या सुमारास गुलामगिरीविरोधी संस्थांनी या हक्काचा असा काही वापर सुरू केला की वॉशिंग्टनमध्ये अर्जांचा पाऊस पडायला लागला. मागणी बहुतेक वेळा एकच: निदान राजधानीच्या जिल्ह्यात, जिथे काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकेच्या संसदेचा, थेट अधिकार चालतो, तिथे तरी माणसांची खरेदी-विक्री बंद करा. दक्षिणेच्या सदस्यांना हे अर्ज नुसते ऐकूनही घ्यायचे नव्हते. २६ मे १८३६ रोजी प्रतिनिधीगृहाने ११७ विरुद्ध ६८ मतांनी ठरवलं की गुलामगिरीचा नुसता उल्लेख असलेला प्रत्येक अर्ज न छापता, समितीकडे न पाठवता, तसाच मेजावर ठेवून द्यायचा. पुढे कोणतीही कारवाई नाही. हक्क कागदावर शाबूत आणि अर्ज कचऱ्यात, असा हा प्रकार.

या नियमाशी आठ वर्षं झुंजला तो माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स. राष्ट्राध्यक्षपद भोगून झाल्यावर हा माणूस मॅसॅच्युसेट्सचा साधा प्रतिनिधी म्हणून निवडून आला होता आणि सत्तरीला टेकला होता. अर्ज वाचता येत नाहीत ना, मग तो उभा राहून विचारायचा की असा असा एक अर्ज माझ्या हातात आहे, तो या नियमात बसतो का? आणि विचारता विचारता अर्जातला मजकूर सांगून मोकळा व्हायचा. ६ फेब्रुवारी १८३७ ला त्याने विचारलं की खुद्द गुलामांनी पाठवलेला अर्ज माझ्याकडे आलाय, त्याचं काय करायचं? सभागृह खवळलं. त्याची निंदा करणारे ठराव आले, ते शेवटी पडले. १८४२ मध्ये हेव्हरहिल गावच्या ४६ नागरिकांचा अर्ज त्याने मांडला तेव्हा तर त्याच्यावर जवळजवळ खटलाच चालला, दोन आठवडे. तोही प्रयत्न बारगळला. ३ डिसेंबर १८४४ ला नियम रद्द झाला, १०८ विरुद्ध ८० मतांनी.

मुलीच्या प्रकल्पात हे सगळं होतं. तारखा, मतं, ॲडम्सचं चित्र. पण माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता, माझ्या कामाचा. सह्या कुठायत? कुणी केल्या? गोळा कुणी केल्या? काँग्रेसकडे गेलेले अर्ज वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत, तिकडे जाणं काही तेव्हा जमणार नव्हतं. राज्याच्या विधिमंडळाकडे गेलेले मात्र घरबसल्या दिसत होते. त्या रात्री मुलगी झोपली आणि मी दोन वाजेपर्यंत स्क्रीनसमोर.

आता सेवेबद्दल. एक अर्ज म्हणजे एक नोंद. तिच्यात विषय, तारीख, गाव, अर्ज कुणाकडे पाठवला, एकूण सह्या किती, त्यात कायदेशीर मतदारांच्या किती, बायकांच्या किती, अर्जदारांनी स्वतःला काय म्हणवून घेतलंय, विनंती छापील आहे की हाताने लिहिलेली, विधिमंडळाने कोणत्या तारखेला काय केलं, आणि मूळ कागद दप्तरात कुठल्या मालिकेत ठेवलाय, हे सगळं. शिवाय फोटोची लिंक. मी दिवसभर सह्या मोजणारी बाई आहे, म्हणून ठामपणे सांगते: ही नोंद ज्यांनी रचली त्यांना सह्यांच्या कागदाचं काम कळत होतं. बायकांच्या आणि पुरुषांच्या सह्या वेगवेगळ्या मोजायच्या म्हणजे एकेका पानावर बोट ठेवून बसावं लागतं. आणि ३,५०० कागद!

'छापील की हस्तलिखित' हा रकाना मला आधी फालतू वाटला होता. नाही. मागणीचा मजकूर बरेचदा छापून यायचा, गुलामगिरीविरोधी वर्तमानपत्रांतून किंवा संस्थांकडून सुट्या कागदावर. तो कापायचा, कोऱ्या कागदाच्या डोक्यावर चिकटवायचा, खाली उभ्या रेघा आखायच्या आणि निघायचं दारोदार. कागद भरला की खाली दुसरा जोडायचा. जोडलेल्या जागी गोंदाचा तपकिरी डाग अजून दिसतो. म्हणून सगळ्या गावांच्या अर्जांत मजकूर तोच तोच येतो आणि वाचणारा कंटाळतो. कंटाळू नका. मजकूर सोडून द्या आणि खाली उतरा.

मी ज्या अर्जावर सगळ्यात जास्त वेळ घालवला त्याचं सांगते. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, तुम्ही तुमचा शोधा. वर छापील चिठ्ठी, किंचित तिरकी चिकटवलेली. छापील मजकुरात अर्जदारांच्या ओळखीचे शब्द होते 'कायदेशीर मतदार'. ते शाईने खोडून वर बारीक अक्षरात 'स्त्रिया' लिहिलं होतं. एका रेघेत खोडलं होतं, घाई नाही, गिरगोटा नाही. बायकांना मत नव्हतं, मिळायला अजून पाऊणशे वर्षांहून जास्त काळ जायचा होता. आमच्या ऑफिसात हा कागद आला असता तर त्या एका रेघेपायी मी तो बाजूला काढून वरिष्ठांकडे दिला असता.

खाली नावांचे दोन रकाने. काही सह्या वळणदार, शिकलेल्या हाताच्या. काही नुसती ठोकळा अक्षरं. मध्येच चार नावं एकाच आडनावाची आणि एकाच हातची, म्हणजे आईने लेकींची लिहिली किंवा थोरलीने सगळ्यांची. आज आम्ही अशा सह्या बाद करतो. एका ठिकाणी नुसती फुली, तिच्या एका बाजूला नाव आणि दुसऱ्या बाजूला आडनाव, वर 'तिची' आणि खाली 'निशाणी'. लिहिता न येणाऱ्या बाईची सही अशी करायची पद्धत होती. फुलीच्या दोन्ही रेघा सारख्या जाडीच्या नव्हत्या. पहिली ओढताना शाई भरपूर होती, दुसरी ओढेपर्यंत टाक कोरडा पडला होता. मी स्क्रीनवर ती फुली इतकी मोठी करून पाहिली की शाईच्या कडेचे कागदाचे तंतू दिसायला लागले. फोटो इतके चांगले आहेत.

सह्या गोळा करणं म्हणजे काय हे ज्याने केलंय त्यालाच कळतं. आमच्याकडे कागद घेऊन येणारे स्वयंसेवक सांगतात, दहा दारं वाजवली तर तीन उघडतात. १८३७ साली, न्यू इंग्लंडच्या थंडीत, लांब घागऱ्यात, चिखलातून, आणि तेही अशा विषयावर की ज्याच्यावरून दोनच वर्षांपूर्वी भर बॉस्टनमध्ये बायकांच्या गुलामगिरीविरोधी सभेवर जमाव चालून गेला होता आणि गुलामगिरीविरोधी संपादक विल्यम लॉइड गॅरिसनला दोर बांधून रस्त्यावरून ओढत नेलं होतं! दार उघडणारा शेजारी असेल, चर्चचा पाद्री असेल, नवऱ्याचा मालक असेल. 'बायकांनी राजकारणात तोंड घालू नये' हे वाक्य त्यांनी किती उंबऱ्यांवर ऐकलं असेल. राज्यशास्त्राचे अभ्यासक डॅनियल कार्पेंटर यांनी हा संग्रह उभा करण्याच्या कामाचं नेतृत्व केलं. त्यांनी आणि कॉलिन मूर यांनी काँग्रेसकडे गेलेल्या अर्जांवर २०१४ साली एक निबंध प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा की तीच मागणी, तोच परिसर धरला तरी बायकांनी फिरवलेल्या अर्जांवर पुरुषांनी फिरवलेल्यांपेक्षा निम्म्याने जास्त सह्या मिळाल्या. मला यात आश्चर्य वाटलं नाही. स्वयंपाकघरात बसून समजावून सांगायला वेळ लागतो, तो त्या देत होत्या.

२१ फेब्रुवारी १८३८ ला अँजेलिना ग्रिम्के बॉस्टनच्या स्टेट हाऊसमध्ये विधिमंडळाच्या समितीपुढे उभी राहिली. अमेरिकेत विधिमंडळापुढे बोलणारी ती पहिली बाई. साउथ कॅरोलिनाच्या गुलाममालक घराण्यात जन्मलेली, तिथलं सगळं डोळ्यांनी पाहिलेली. अर्जांवर नावं घातलेल्या मॅसॅच्युसेट्सच्या २०,००० बायकांच्या वतीने बोलते आहे, असं तिने सांगितलं. ही २०,००० म्हणजे कोण, हा आकडा पुस्तकात वाचून काहीच डोळ्यांपुढे येत नाही. या संग्रहात तसले कागद एकामागून एक उघडून बघितले की येतं. विसाव्या अर्जापर्यंत मला रडू आवरेना, खोटं कशाला सांगू.

आता मुद्द्याची गोष्ट, जिच्यासाठी या लोकांना पाचपैकी पाच तारे देते: त्यांनी कागदाची मागची बाजूही दाखवली आहे.

जुन्या दप्तरात अर्ज घडी घालून ठेवत. घडीवर, बाहेरून, कारकून शेरा मारायचा: अमुक गावची अमुक आणि इतर इतक्या जणींचा अर्ज, विषय अमुक, तारीख, कुठल्या समितीकडे, आणि पुढे काय झालं. मी कारकुनीच करते, म्हणून या शेऱ्यांशी माझं चटकन जुळलं. तेच तिरकं, वेगातलं अक्षर, रोज शंभर कागद हाताखालून जाणाऱ्याचं. सगळ्यात जास्त वेळा जो निकाल भेटतो तो फार सभ्य शब्दांत आहे. 'नामंजूर' लिहीत नसत. 'अर्जदारांना अर्ज मागे घेण्याची मुभा आहे' असं लिहीत. मुभा! चार महिने फिरून आणलेल्या सह्या परत न्यायची मुभा.

आणि हे कागद दप्तरात ठेवलेत कुठे? बरेचसे 'हाऊस अनपास्ड लेजिस्लेशन' आणि 'सेनेट अनपास्ड लेजिस्लेशन' या मालिकांत. म्हणजे जे मंजूर झालं नाही त्याच्या खोक्यांत. नोंदीत हा पत्ता प्रत्येक वेळी स्पष्ट दिलेला आहे. माझी शिफारस अशी की एकदा नुसते हेच पत्ते वाचत जा. एक अनपास्ड, दोन अनपास्ड, दहा अनपास्ड, आणि मग मध्येच एखादा 'पास्ड ॲक्ट्स' असा येतो तेव्हा खुर्चीतून उठावंसं वाटतं.

तसा एक १८४३ चा. गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला बंदी घालणारा कायदा मॅसॅच्युसेट्समध्ये १७०५ पासून चालत आला होता. १८३९ मध्ये लिन गावच्या ॲरोलाइन ऑगस्टा चेस आणि आणखी ७८५ बायकांनी तो रद्द करावा असा अर्ज केला. विधिमंडळात आणि वर्तमानपत्रांत त्यांची जी टवाळी झाली ती इथे लिहायची माझी इच्छा नाही. यांना काळे नवरे हवेत, या थराला ती गेली होती. बायका हटल्या नाहीत. दरवर्षी अर्ज येत राहिले, गावं वाढत राहिली, आणि १८४३ मध्ये कायदा गेला.

त्याच वर्षी दुसरा. जॉर्ज लॅटिमर हा व्हर्जिनियातल्या नॉरफोकहून गरोदर बायकोला, रिबेकाला, घेऊन पळून आलेला गुलाम. ऑक्टोबर १८४२ मध्ये बॉस्टनमध्ये पकडला गेला आणि मालकाच्या सांगण्यावरून इथल्याच तुरुंगात डांबला गेला. लोक इतके पेटले की मालकाने शेवटी ४०० डॉलर घेऊन त्याला सोडलं. पण प्रकरण तिथे मिटू दिलं नाही. राज्याच्या तुरुंगांनी आणि अधिकाऱ्यांनी पळून आलेल्या माणसाला धरून द्यायचं काम करू नये, अशा मागणीवर राज्यभर सह्या फिरल्या. विधिमंडळाकडे ६०,००० हून जास्त गेल्या. १८४० च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या सात लाख सदतीस हजार होती, लहान मुलं धरून. म्हणजे बारा माणसांमागे एक सही. आमच्या आजच्या मोहिमांना इतकं प्रमाण स्वप्नातही मिळत नाही, आणि आमच्याकडे मॉलची दारं आणि गाड्या आहेत. मार्च १८४३ मध्ये कायदा झाला. (लॅटिमरचा मुलगा लुईस पुढे नामांकित आरेखक आणि संशोधक झाला. ग्रॅहॅम बेलच्या टेलिफोनच्या पेटंटचे आराखडे त्याने काढलेत. मुलीच्या प्रकल्पात हे नव्हतं, मी घालायला लावलं.)

जुने अर्जही चुकवू नका. १३ जानेवारी १७७७ चा लँकेस्टर हिल, प्रिन्स हॉल आणि इतरांचा आहे, तो तर गुलामगिरीत असलेल्या माणसांच्या वतीने केलेला. राज्य इंग्लंडशी स्वातंत्र्यासाठी लढतंय, मग आम्ही काय वेगळं मागतोय, असा त्यांचा रोकडा सवाल. आणि १७८३ चा बेलिंडाचा. मेडफर्डच्या आयझॅक रॉयल या धनाढ्य मालकाकडे तिचा अख्खा जन्म गेला. मालक इंग्रजांच्या बाजूचा, पळून गेला. तिने मागणी केली की माझ्या कष्टांतून जी मालमत्ता उभी राहिली तिच्यातून मला म्हातारपणी पोटापुरतं द्या. विधिमंडळाने वर्षाला १५ पौंड १२ शिलिंग मंजूर केले. मग पैसे थांबले, तिने पुन्हा अर्ज केला, पुन्हा थांबले, पुन्हा केला. सहीच्या जागी फुली. मेडफर्डचं रॉयलचं घर आणि शेजारची गुलामांची वस्ती आज म्युझियम आहे, आमच्यापासून पाऊण तासावर. कागद बघून मग तिथे जा, आधी जाऊ नका.

वापरणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी. शोधताना गावाच्या नावाने शोधा, ते सगळ्यात सरळ पडतं. नोंदीत सगळी नावं टाइप केलेली नसतात, निवडक असतात, बाकीची फोटोतून स्वतः वाचायची. एकोणिसाव्या शतकातलं इंग्रजी अक्षर पहिले दोन दिवस लागत नाही. एका शब्दात लागोपाठ दोन एस आले की पहिला एफसारखा लांब काढायची सवय काही जणांना होती, त्यामुळे 'मिस'चं भलतंच काही वाचलं जातं. तिसऱ्या दिवशी डोळा बसतो. मोबाइलवर बघू नका, मोठा पडदा घ्या. आणि बॉस्टनला असाल तर कोलंबिया पॉइंटवर मॅसॅच्युसेट्स आर्काइव्हजच्या वाचनकक्षात एकदा जाऊन मूळ कागद मागा. जेएफके-युमास स्टेशनवर उतरायचं, केनेडी लायब्ररीच्या शेजारचीच इमारत. पेन आत चालत नाही, पेन्सिल न्या. मी गेले तेव्हा कर्मचाऱ्यांनी नोंदीतला पत्ता एकदाच बघितला आणि खोकं आणून दिलं. तो कागद हाताला जाडसर लागतो, कापडासारखा. माझ्या ऑफिसातले कागद पाच वर्षांत पिवळे पडतात.

तक्रार आहे, पण ती या संग्रहाबद्दल नाही. मुलीच्या प्रकल्पासाठी मला तो खोडलेल्या ओळीचा अर्ज मूळ आकारात छापून हवा होता. एका छपाईच्या दुकानात फाइल दिली, मापं लिहून दिली, 'जसं आहे तसं' असं दोनदा बजावलं. कागद हातात आला तेव्हा पांढराफटक. दुकानदाराने पार्श्वभूमी 'स्वच्छ' केली होती. गोंदाचा डाग गेला, पेन्सिलीतली कारकुनाची बेरीज गेली, फुलीची ती कोरडी रेघ निम्मी गेली. कडा काटकोनात कापल्या होत्या, कारण मूळच्या फाटक्या. आणि मागची बाजू छापलीच नव्हती. विचारलं तर म्हणे, तिथे काही नव्हतं, नुसतं कुणीतरी खरडलं होतं. ३८ डॉलर गेले. त्याला वाईट करायचं नव्हतं हे मला कळतं, त्याच्या दृष्टीने डाग म्हणजे डाग. पण तुम्ही असं काही छापून घेणार असाल तर समोर उभं राहून घ्या, आणि दोन्ही बाजू मागा.

तो पांढराफटक कागद तरी वाया कशाला घालवायचा, म्हणून मुलगी आणि मी जेवणाच्या टेबलावर बसून सह्या मोजल्या. ती डावा रकाना, मी उजवा. माझी सवय म्हणून दोनदा. दोन्ही वेळा ८५. नोंदीत आकडा ८६. मुलगी म्हणाली, आई, त्यांचं चुकलं असेल. मीही क्षणभर तसंच धरलं, कारण इतक्या कागदांत एखादी चूक होणारच. पण माझ्या कामात एक सही कमी-जास्त झाली तर मी घरी जात नाही. अदलाबदल करून मोजलं, तिने उजवा, मी डावा. पुन्हा ८५. चार बहिणींच्या ओळी वेगळ्या वेगळ्या धरल्या, फुली धरली, चिकटवणीच्या सांध्याखाली अर्धवट दडलेलं नाव धरलं. ८५.

मग लॅपटॉप उघडला आणि दुसरा फोटो लावला, घडीच्या बाहेरचा. वर कारकुनाचा शेरा: अमुक आणि इतर ८५. म्हणजे पहिली धरून ८६. त्यालाही तेवढ्याच सापडल्या होत्या. शेऱ्याच्या खाली समितीचं नाव, तारीख, अर्ज मागे घेण्याची मुभा. त्याच्याही खाली, घडीच्या अगदी कडेला, जिथे दुकानदाराला नुसतं खरडलेलं दिसलं होतं, तिथे एक नाव. शाई वेगळी, फिकी. अक्षर मोठं आणि थरथरतं, दोन ओळींत मावलेलं. पुढचे रकाने भरले होते, जागा उरली नव्हती. कागद घडी घालून निघायच्या बेतात असताना कुणीतरी तो परत उलगडायला लावला होता, नाहीतर घडीवरच टेकून सही केली होती.

मुलीने पेन्सिल घेतली आणि आमच्या छापील कागदाच्या कोऱ्या पाठीवर, त्याच जागी, ते नाव लिहून काढलं.